'इन्सुलेशन'ला मराठीत काय म्हणायचं? आणि त्यात बेट कुठून आलं?

पाटपाणी

मंडळी, एका शब्दाशी अडलोय. वायरमनचं काम शिकणाऱ्या पोरांसाठी चाळीसेक पानांची पुस्तिका मराठीत लिहायला घेतली आहे. बहुतेक पोरं दहावीनंतर थेट कामाला लागलेली. स्विच, होल्डर, फेज, न्यूट्रल हे शब्द तसेच ठेवले, त्यात कुणाची हरकत नाही. पण 'इन्सुलेशन'वर एक अख्खा धडा आहे आणि धड्याच्या नावाशीच गाडी थांबली.

समोर आलेले शब्द: विद्युतरोधन, निरोधन, विसंवाहन, पृथक्करण. 'निरोधन' फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावर काय होईल ते सांगायला नको. 'पृथक्करण' म्हटलं की माती परीक्षण आठवतं. 'विसंवाहन' मला स्वतःला दोनदा वाचावं लागलं.

माझी आजी फ्रीज उघडण्याआधी जेवायचा लाकडी पाट पायाखाली घ्यायची. तिला यातला एकही शब्द माहीत नव्हता, पण इन्सुलेशन म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. तिच्या तोंडी शोभेल असा शब्द हवा आहे. जमल्यास मूळ शब्दाचा अर्थही सांगा. कुणीतरी म्हणालं, त्यात 'बेट' आहे. ते कसं?

खवचट_खारी

रुमाल टाकून ठेवतो. अनुस्वार येईपर्यंत कुणी जागा सोडू नका.

अनुस्वार

आलो.

बेट आहे, खरं आहे. लॅटिनमध्ये 'इन्सुला' म्हणजे बेट. इन्सुलेट करणं म्हणजे बेट करणं. इंग्रजीत आधी हा शब्द अगदी शब्दशः वापरत, म्हणजे जमिनीच्या तुकड्याभोवती पाणी आणून त्याचं बेट करणं. विजेच्या संदर्भात तो अठराव्या शतकात आला. 'आयसोलेट' त्याचाच भाऊ, फक्त इटालियन आणि फ्रेंच वाटेने फिरून आलेला. इटालियनमध्ये बेटाला 'इझोला' म्हणतात, त्यावरून 'इझोलातो', म्हणजे बेटासारखा एकटा पडलेला. एकाच आईची दोन लेकरं, एक तारांच्या धंद्यात गेलं आणि दुसरं दवाखान्यात.

आता विजेशी बेटाचं नातं काय? इथे पाटपाणी यांच्या आजी उपयोगी पडतात. १७२९ मध्ये स्टीफन ग्रे नावाचा इंग्रज गृहस्थ घासलेल्या काचेच्या नळीतली वीज सुतळीवरून किती लांब जाते ते पाहत होता. सुतळी आडवी नेताना मध्ये मध्ये आधार हवा, म्हणून ती रेशमाच्या दोऱ्यांवर टेकवली. वीज शेकडो फूट गेली. मग भाराने रेशीम तुटलं. याने तेवढीच बारीक पितळी तार लावली, आणि वीज पुढे जाईनाच, सगळी त्या आधारांतून निघून गेली. तेव्हा कळलं की आधार बारीक असण्याला महत्त्व नाही, तो कशाचा आहे याला आहे. पुढच्या वर्षी त्याने एका पोराला रेशमी दोरांनी छताला आडवं टांगून त्याच्यात वीज भरली. पोराच्या हाताकडे पितळेच्या वर्खाचे कपटे उडून येत.

त्यानंतर असे खेळ युरोपभर सुरू झाले. माणसाला राळेच्या वडीवर किंवा काचेच्या पायांच्या स्टुलावर उभं करायचं, वीज भरायची, ती त्याच्यातच राहायची. सगळीकडे जमीन, मध्ये हा एकटा. बेट! आजींचा पाट म्हणजे तेच स्टूल, फक्त वीज उलट दिशेने अडवायला.

म्हणून मला 'रोधक' शब्द अपुरा वाटतो. रोधक म्हटलं की धरण दिसतं, भिंत दिसते. मूळ शब्दात अडवण्यावर भर नाही, सगळ्यांपासून सुटं करण्यावर आहे.

गोड_माणूस

मग 'इन्सुलिन'सुद्धा बेटवालंच का? गेली अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ टोचून घेतोय, हा प्रश्न पडला नव्हता.

अनुस्वार

हो! पॉल लँगरहॅन्स याने १८६९ मध्ये बर्लिनमध्ये विद्यार्थी असताना स्वादुपिंडात पेशींचे वेगळे दिसणारे पुंजके पाहिले. पुढे त्यांना 'लँगरहॅन्सची बेटं' असंच नाव पडलं. मराठीत आपण 'द्वीपके' म्हणतो. त्या बेटांतून येणारं ते इन्सुलिन. गंमत म्हणजे हे नाव औषध हाती येण्याच्या आधीच सुचवून झालं होतं.

रेवा_टोरांटो

आणि औषध हाती आलं ते आमच्या गावात, १९२१ मध्ये! बँटिंग आणि बेस्ट. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं, बेस्टला नाही. बँटिंगने आपल्या वाट्याच्या बक्षिसातली अर्धी रक्कम बेस्टला दिली.

पाटपाणी, तुम्ही विजेचं विचारताय, पण इथे 'इन्सुलेशन' म्हटलं की आधी घराच्या भिंती आठवतात. दोन फळ्यांच्या मध्ये गुलाबी रंगाची काचेची लोकर कोंबतात. काम करते ती लोकर कमी आणि लोकरीत अडकलेली हवा जास्त. पहिल्या हिवाळ्यात आई आली होती, तिने भिंतीच्या उघड्या भागात ते पाहिलं आणि म्हणाली, "घराला गोधडी घातलीय होय!" यापेक्षा चांगलं भाषांतर मला आजवर सापडलेलं नाही. गोधडीतही तेच की, जुन्या लुगड्यांचे थर आणि थरांमधली हवा.

पाटपाणी

गोधडी मस्त. पण वायरला गोधडी घातली असं लिहिलं तर पोरं खरंच कापड गुंडाळतील. आमच्याकडे गुंडाळतातही. ओलं झालं की बोंब.

तिसवाडीकर

'इन्सुला' गोव्यात येऊन गेलाय बरं का. आमचा तिसवाडी तालुका, म्हणजे तीस वाड्यांचा, पोर्तुगीज कागदांत 'इल्हास' म्हणून आहे. 'इल्हा' म्हणजे बेट, इन्सुलाचीच पोर्तुगीज नात. मांडवी आणि जुवारी यांच्या मधला भाग, शिवाय दिवाडी, चोडण, जुवें ही बेटं. जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'इल्हास' येतं. म्हणजे आमच्या आजोबांच्या जमिनीचे कागद आणि तुमच्या वायरीवरचं प्लास्टिक एकाच घराण्यातलं.

'आयलंड'मध्येही तोच इन्सुला असणार ना?

अनुस्वार

नाही, आणि इथेच सगळे फसतात. 'आयलंड' हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात पूर्वी 'स' नव्हताच. 'आइल' हा फ्रेंचमधून आलेला शब्द मात्र इन्सुलाचा वंशज. त्याच्याकडे बघून लोकांनी आयलंडच्या लिखाणात एक मुका 'स' घुसवला. आजही तो उच्चारात नाही, फक्त शुद्धलेखनात मार्क कापायला आहे.

पण आपल्या 'द्वीप'कडे बघा. द्वि आणि अप्, दोन्हीकडे पाणी असलेलं. 'अप्'चं 'ईप' होतं, त्यासाठी पाणिनीने सहाव्या अध्यायात सूत्रच दिलंय. त्याच सूत्राने 'अंतरीप' होतं, 'प्रतीप' होतं, म्हणजे पाण्याच्या उलट. आणि 'समीप' होतं! सम् आणि अप्. दूर पडलेलं 'द्वीप' आणि जवळचं 'समीप', दोन्हींच्या पोटात तेच पाणी.

दुसरी मौज 'द्वीपकल्प'. यातला 'कल्प' म्हणजे जवळजवळ, थोडं कमी. मृतकल्प म्हणजे मेल्यात जमा. तसं द्वीपकल्प म्हणजे बेट होता होता राहिलेलं. लॅटिनमध्ये 'पेने' म्हणजे जवळजवळ, म्हणून 'पेनिन्सुला'. ज्याने हा मराठी शब्द बसवला त्याला दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या.

खवचट_खारी

मग प्रश्न सुटला. बेट करणे = द्वीपन. धड्याचं नाव 'तारांचे द्वीपन'.

नाशिकची_सून

द्वीपन ऐकलं की मला दीपन-पाचन आठवतं. पोरांना वाटेल वायर खाल्ल्याने भूक लागते.

खवचट_खारी

बेटीकरण?

नाशिकची_सून

लग्नाच्या कार्यालयाचं नाव वाटतंय.

मला वेगळंच सुचलं. ग्रे साहेबांच्या रेशमावरून सोवळं आठवलं. आमच्या सासरी सोवळ्याला रेशमी मुकटा नाहीतर धाबळी. धाबळी म्हणजे लोकरीची. सुती चालत नाही, कारण सुताला विटाळ होतो. आणि विजेला अडवतं तेही रेशीम आणि लोकरच. जुन्या लोकांना काहीतरी ठाऊक असणार की नाही?

जुनी_वही

नसणार. हा योगायोग आहे आणि त्याला योगायोगच राहू द्या. कोरडं सूतही वीज बऱ्यापैकी अडवतं, पूर्वी तारांवर सुताचंच वेष्टण असे. सोवळ्यात अडवायचं होतं ते माणसाला, विजेला नव्हे.

'अलग ठेवणे' या विषयावर आपण छान गप्पा मारतोय, म्हणून एक सांगते. आपल्या समाजात माणसांची बेटं फार काळजीपूर्वक केलेली होती. गावकुसाबाहेरचा वाडा हे बेटच. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा ते तळं नगरपालिकेने आधीच सर्वांना खुलं केलेलं होतं. कागदावर अडसर नव्हता, तरी पाणी मिळत नव्हतं. म्हणून सोवळ्याला विज्ञानाची झालर लावलेली मला आवडत नाही. नाशिकच्या ताई, राग नसावा.

नाशिकची_सून

राग नाही. मुद्दा पटला. माझ्या आजेसासूबाई विधवा झाल्यावर त्यांनाही 'सोवळी' म्हणत, ते आत्ता आठवलं. शब्द तोच.

दंतकथा

दाढा उपटून पोट भरणारी आहे, म्हणून थोडी भर. आम्ही रूट कॅनॉलमध्ये जो गुलाबी-केशरी पदार्थ भरतो त्याला 'गटा-पर्चा' म्हणतात. मलायातल्या झाडाचा चीक. 'गेताह' म्हणजे मलाय भाषेत डिंक, चीक. हाच चीक एकेकाळी समुद्राखालच्या तारांचं इन्सुलेशन होता! रबर टिकत नसे, हा मात्र गार खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकायचा. १८४७ मध्ये वेर्नर सीमेन्सने तो तारेवर सलग चढवण्याचं यंत्र केलं. १८५१ मध्ये इंग्लंड-फ्रान्स तार झाली. १८७० मध्ये सुएझ, एडनवरून समुद्रतार मुंबईला पोचली. म्हणजे मुंबई-लंडन निरोप ज्यातून सुखरूप गेले तो चीक आज तुमच्या दाढेत आहे. एका लांब तारेला हजारो झाडं लागत, झाडं तोडूनच चीक काढत, त्यात जंगलं साफ झाली.

गोड_माणूस

माझ्या दोन दाढांत आहे. आता अभिमानाने चावेन.

पाटपाणी

धागा फार सुंदर चाललाय, पण धड्याला नाव अजून नाही. 'रोधक'विरुद्ध माझी आणखी एक तक्रार. रोधक म्हटलं की लगेच 'कशाचा?' हा प्रश्न येतो. इस्त्रीतलं अभ्रक घ्या. जुन्या इस्त्रीत कॉइल अभ्रकाच्या पातळ पत्र्यांत असायची, कारण ते वीज अडवतं, पण उष्णतेने जळत नाही आणि पातळ असल्याने ती खाली जाऊ देतं. हिऱ्याची तर कमाल, विजेला जवळजवळ बंद आणि उष्णता तांब्याच्या कैक पट वाहून नेतो. म्हणजे मला दर वेळी विद्युतरोधक, उष्णतारोधक, ध्वनिरोधक असं लिहीत बसावं लागणार. इंग्रजी शब्द कशाचं ते न सांगता चालतो.

मेगरवाला

नमस्कार. मी धागे वाचतो, लिहीत नाही. पण हा माझ्या धंद्याचा आहे. सत्तावीस वर्षं मोटर रिवाइंडिंग करतो. बहुतेक शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटरी.

आमच्या दुकानात कुणी रोधक म्हणत नाही आणि इन्सुलेशनही फार कमी म्हणतात. स्लॉटमध्ये आधी लेदराइड पेपर घालतो, मग तार, जोडावर स्लीव्ह, वरून वार्निश. शेतकऱ्याला सांगायचं असतं तेव्हा म्हणतो, "वाइंडिंग बॉडीला लागलंय." त्याला बरोबर कळतं. तार सोलवटली, पत्र्याला लागली, मोटर शॉक मारायला लागली. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो: तार तारेला लागता कामा नये, तार बॉडीला लागता कामा नये. मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघायचं, लागलंय की नाही.

तुमच्या आजी पाटावर उभ्या राहायच्या त्या कशाला? शॉक लागू नये म्हणून. धड्यात हेच लिहा. इतकं काय अवघड आहे?

अनुस्वार

मेगरवाला, तुमच्या पायांचा फोटो पाठवा, नमस्कार करतो.

गेले दोन दिवस मी बेटांत फिरतोय आणि शब्द घरात पडलेला. 'लागणे'! संस्कृत 'लग्', म्हणजे चिकटणे, टेकणे. आता या धातूचा गोतावळा बघा. 'अलग' म्हणजे न लागलेलं. 'लागण' म्हणजे रोग लागणं. आणि ती थांबवायला २०२० मध्ये सरकारने आपल्या दारावर जो कागद चिकटवला त्यावर शब्द होता 'विलगीकरण'. लागण आणि विलगीकरण एकाच धातूचे! बहुतेकांनी दोन्ही रोज वापरले, नातं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

त्यात एक वाकडी गोष्ट आहे. संस्कृतात 'विलग्न' म्हणजे चक्क चिकटलेलं, लोंबकळलेलं. तिथला 'वि' वियोगाचा नाही. मराठीत आपण त्याला वियोगाचा समजलो आणि अर्थ उलटा झाला. कुणी शुद्धतेचा आग्रह धरला तर 'गृह विलगीकरण' म्हणजे घराला चिकटवून टाकणं. तसं पाहिलं तर ते चूक नव्हतं.

जुनी_वही

आणि पुण्याच्या प्लेगात 'सेग्रिगेशन' होतं. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून बाजूला काढणं. 'क्वारंटाइन' इटालियन चाळिसावरून, जहाजाने चाळीस दिवस लांब थांबायचं. त्याआधी १३७७ मध्ये रागुसाला, म्हणजे आजच्या डुब्रॉवनिकला, तीस दिवसांचा नियम होता. कुणी बेट पाहिलं, कुणी कळप, कुणी दिवस मोजले. आपण स्पर्श पाहिला. मराठीने 'लागणे' निवडलं यात मला आश्चर्य वाटत नाही, आपल्याकडे कोण कोणाला लागतं यावर पिढ्यान्पिढ्या गेल्या.

खवचट_खारी

आणि 'लग्न'? तेही लग् ना?

अनुस्वार

तेही. चिकटलेलं, जुळलेलं. पंचांगातलं लग्न आधीचं, पूर्व क्षितिजाला टेकलेली रास. विवाहाला तो शब्द मुहूर्तावरून आला.

खवचट_खारी

म्हणजे मेगरवाल्यांच्या भाषेत लग्न म्हणजे शॉर्ट सर्किट. बायको शेजारीच बसली आहे, म्हणून इथेच थांबतो.

रेवा_टोरांटो

वाचनखूण साठवली. 'अलिप्त' राहिला पण. त्यात लेप आहे ना?

अनुस्वार

हो, लिप् म्हणजे माखणे. लेप, लिंपण, आणि 'लिपी'सुद्धा, कारण लिहिणं म्हणजे शाई माखणं. अलिप्त म्हणजे ज्याला काही माखलं नाही असा. गीतेत पाचव्या अध्यायात कमळाचं पान आणि पाणी आहे, 'पद्मपत्रमिवाम्भसा'. पान पाण्यातच असतं, बाहेर काढलेलं नसतं. वायरलाही हेच हवंय. भिंतीत, ओलीत, दुसऱ्या तारांच्या गर्दीत राहायचं आणि काही लागू द्यायचं नाही.

पण म्हणून 'अलिप्तक' वगैरे सुचवत नाही. घाबरू नका.

पाटपाणी

सगळ्यांचे आभार. रात्री बसून धड्याची सुरुवात लिहिली. बघा कशी वाटते:

"तारेवर प्लास्टिकचं आवरण कशासाठी असतं? तार तारेला लागू नये, तार पत्र्याला लागू नये आणि करंट आपल्याला लागू नये म्हणून. हे न लागू देण्याचं काम जे करतं त्याला इन्सुलेशन म्हणतात. ते प्लास्टिकचं असेल, रबराचं असेल, चिनी मातीचं असेल, कोरड्या लाकडाचं असेल. ओलं लाकूड चालत नाही."

शेवटचं वाक्य आजीसाठी. ती पाट आधी पदराने पुसून घ्यायची.

इन्सुलेशन हा शब्द तसाच ठेवला. बेटाची गोष्ट चौकटीत देतोय, टांगलेल्या पोरासकट. पण 'कुणी करून बघू नये' असं ठळक छापणार आहे, माझी पोरं मला माहीत आहेत.

मेगरवाला

बरोबर आहे. फक्त "लाकडाचं असेल" काढा. तुम्ही लिहिलं की पोरं पाटावर उभं राहून चालू लाइनवर काम करतील. आधी मेन बंद, मग टेस्टर, मग हात.

पाटपाणी

काढलं. आजीचं वाक्य गेलं, पण मुद्दा तुमचा आहे.

नाशिकची_सून

पुढचा धडा कोणता?

पाटपाणी

अर्थिंग.

खवचट_खारी

अनुस्वार, तयारीला लागा.

मेगरवाला

त्याला शब्द लागत नाही. खड्डा लागतो. मीठ आणि कोळसा.